डावी बाजू

तीन दिवस झाले,
डावीकडून तानपुरा येत नाही.

केबल बदलली. पोर्ट बदलला.
डॅकवरची गेनची कळ खाली-वर केली,
जॅक काढून पदराने पुसला
(हे असते तर ओरडले असते),
पुन्हा खुपसला, टक् होईपर्यंत.
लॅपटॉप बंद करून चालू केला,
सगळेच सांगतात तसा.

शेवटी वरच्या मजल्यावरचा भार्गव आला,
हातात शेव-उसळीचा द्रोण.
"काकी, हेडफोन उलटा घाला.
डावा उजवीकडे."

घातला.
जी वाटी इतके दिवस मुकी होती
तीच उजव्या कानाशी बोलायला लागली, स्वच्छ,
षड्जासकट.
आणि डावीकडे तसंच,
रावपुऱ्यातली दुपार, शटरं ओढलेली.

"मशीन तो सारु छे," भार्गव म्हणाला
आणि गप्प झाला.
उसळ गार होत राहिली.

उद्या जाईन कानाच्या डॉक्टरांकडे.
डबा पोळपाटाहून लहान,
उगाच त्याला तीन दिवस शिव्या घातल्या.

आवाज एक काटा वाढवते,
मान डावीकडे वळवून ऐकते.
हेडफोनला त्याने काही फरक पडत नाही,
ठाऊक आहे.