सातवी पायरी

सोहारमध्ये, मासळीबाजारामागच्या इमारतीत,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि मी ठरवतोय, माहितीपुस्तिका ठेवायची कुठे.

प्रोग्राम तसा छोटाच.
खारं पाणी गोडं करणाऱ्या आमच्या प्लांटातल्या
जुन्या पंपांचे दाब वाचतो,
काटा चढायच्या आधी हाक मारतो.
शुक्रवार-शुक्रवार जोडून लिहिला.
खुला सोडला. घ्या, उघडा, मोडा, सुधारा.
आता चिलीहून कुणी इग्नासिया विचारते:
सहाव्या पायरीनंतर काय?
खरंय. सातवी माझ्या डोक्यातच राहिली.

शिबु म्हणतो, मोठ्या कंपनीकडे टाक.
जागा फुकट, शोधायची सोय तयार,
कोपऱ्यात एखादी जाहिरात, तेवढं चालतं.
मी अटी वाचल्या. शेवटपर्यंत.
इथे येऊन ती एक सवय लागली.
‘पूर्वसूचनेशिवाय’ हा शब्द आला
आणि रेसिडेंट कार्डावरचं
माझ्या नावाखालचं दुसरं नाव आठवलं.

परकारचाचा आठवले. दापोलीचे. बावीस वर्षं याच प्लांटात.
तीस दिवसांत सामान बांधून गेले.
कुठला व्हॉल्व्ह कुठल्या महिन्यात रुसतो,
ते सगळं त्यांच्याबरोबर विमानात बसलं.
जादा वजनाचे पैसेही पडले नाहीत.

मग स्वतःचा सर्व्हर? कुलूप माझं, भाडं माझं.
पण एका महिन्याचा पगार लांबला, की
इग्नासिया दारात उभी आणि आत अंधार.

रात्री दीडला ठरलं.
साध्या अक्षरांच्या फायली, प्रोग्रामच्याच फोल्डरात.
जो प्रोग्राम नेईल त्याच्याबरोबर पुस्तिका जाईल,
विंचवासारखं पाठीवर बिऱ्हाड.
लोकांना दाखवायला कंपनीची ओसरी घेतली,
हो, तीच फुकटवाली. शिबु हसला.
म्हटलं, ओसरीच आहे रे, माजघर नाही.
पाटीवरचा पत्ता मात्र आपल्या पैशाने,
उद्या उठवलं तर पाटी काढून दुसऱ्या दाराला लावू.

मग सातवी पायरी लिहायला घेतली.
‘थांबा. पंपावर तळहात ठेवा.
थरथर मनगटापर्यंत आली तर बंद करा,
कोपरापर्यंत आली तर’

इथे परकारचाचा नुसते बघायचे आमच्याकडे,
आणि आम्ही पळायचो.
ते कसं लिहायचं?

बादली भरली होती. ओतून आलो.
कर्सर तिथेच लुकलुकत होता.
चाचांचा गावचा नंबर शोधतोय.