पात्र

दिवसाचे पाच हजार, जेवण त्यांचं, गाडी त्यांची.
त्र्यंबक रोडच्या हॉटेलात, दुसऱ्या मजल्यावर
जाड पडदे, पाण्याच्या बाटल्या, नावांच्या पाट्या
आणि माझ्या डाव्या हाताला रंगी खंबाईत,
सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेली,
खुर्चीच्या फक्त कडेवर बसलेली.

मी दुभाषी. माझं काम एवढंच :
तिचं बोलणं साहेबांच्या भाषेत न्यायचं,
त्यांचं आमच्या बोलीत आणायचं.
वाटेत काय सांडलं ते कुणी विचारत नाही.

ती म्हणाली, कणसरी गेली.
मी म्हणाले, पीक गेलं.
त्यांनी विचारलं, किती क्विंटल?
ती म्हणाली, रुसून गेली ती, मापून कशी सांगू?
मी म्हणाले, अंदाजे चार.

मोहाचं झाड एक, फुलं वेचणारी घरं सात.
तक्त्यात मालकाचा रकाना एकच,
म्हणून झाड सरकारी निघालं.
डोंगऱ्यादेवाला जायची वाट पाण्याखाली.
तिच्यापुढे आधीच टाइप केलेलं :
पर्यायी रस्ता उपलब्ध.

मग काशिराम धूम उठला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
‘शेळी घ्यायला पतसंस्थेत गेलो तर
दोन जामीनदार मागितले,
वर शेळीच्या कानाला बिल्ला ठोकला.
ह्या एवढ्या भिंतीला जामीन कोण राहिलं?’

मी विचारलं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.
चष्मेवाला म्हणाला, सार्वभौम हमी.
मी बोलीत शब्द चाचपले, शेवटी म्हणाले, सरकार.
‘फेडणार कोण?’
सरकार.
‘ते कुठून आणील?’
मीठ, काडेपेटी, पहाटेच्या एसटीचं तिकीट.
हे मी बोलले नाही. त्यालाच दिसलं असावं.
‘म्हंजे जामीन आम्हीच,’ तो हसला,
‘मग अंगठा घ्यायला कसं कुणी आलं न्हाई?’

अध्यक्षबाईंनी कागद वाचला,
सावकाश, वाईट वाटत असल्यासारखा, आणि वाटतही असेल :
कर्जाचा शेवटचा हप्ता गेला, खातं बंद झालं.
तुमची तक्रार त्यानंतर तेरा दिवसांनी पोचली.
रंगीने पोलक्यातून रजिस्ट्रीची पावती काढली,
घामाने मऊ झालेली. शिक्का हप्त्याच्या आधीचा.
त्या म्हणाल्या, पोचल्याची तारीख धरतात.

तक्रार अपात्र, मी म्हणाले.
बोलीत शब्द नव्हता म्हणून
आश्रमशाळेत शिकलेला वापरला.

‘पात्र होतं की!’ रंगी पहिल्यांदाच मागे टेकली.
‘माणकीचं पात्र होतं. दगडं होती, खेकडी होती,
उन्हाळ्यात वीतभर उकरलं की झिरा लागायचा.
तुमच्या भिंतीनं बुडवलं. आता न्हाई म्हणता,
तर तेच तर सांगाया आले मी.’

चौघे माझ्याकडे बघत राहिले.
दुभाष्याने थांबू नये असं करारात आहे.
मी म्हणाले : त्यांना समजलं आहे.

आठवड्याने ध्वनिमुद्रण आलं,
उतरवून द्यायला, पानाला दोनशे चाळीस.
म्हसरूळच्या खोलीत, खिडकी लावून ऐकलं.
एकेचाळिसाव्या मिनिटाला,
एसीच्या घरघरीवरून तिचा आवाज स्वच्छ येतो,
खेकडी, झिरा, सगळं.
जे बसत नाही तिथे लिहायचं असतं : अस्पष्ट.
तसं लिहिलंही.

तीन दिवस फाईल पाठवलेली नाही.
भाडं पाच तारखेला.
आज तो शब्द खोडला आणि खाली तळटीप घातली :
पात्र, म्हणजे नदी जिथून जात असे ती जागा.
त्यानंतर तिचं सगळं बोलणं, तिच्याच क्रमाने.

झिऱ्यापाशी अडलेय.
त्यांच्या भाषेत त्याला काय म्हणतात,
कुणाला माहीत असेल तर सांगा.