एकशे तेरा

धरणगावच्या बाहेर, जिनिंगच्या फाटकाशी
माझा वजनकाटा. साठ टनांपर्यंत तोलतो,
दहा किलोच्या खालचं त्याला काही कळत नाही.
पौषातली रात्र, कापसाच्या गाड्यांची रांग
पार एरंडोल रस्त्यापर्यंत,
आणि कॅल्क्युलेटरचं सातचं बटण मेलेलं.

सात हवा असला की मी चव्वेचाळीस दाबायचो,
भागिले चार, वजा चार.
खिडकीशी उभा रुबाब तडवी म्हणाला,
हे काय भो, आठातून एक काढ ना सरळ.
काढता येतो.
पण मग रात्र कशी सरायची?

तेव्हापासून खेळ लागला.
आकडा एकच, चार. तो चारदाच.
चिन्हं हवी ती घ्या, कंस हवे तिथं टाका.
रुबाब म्हणाला, माझी शाळाही चौथीपर्यंतच,
जमेल मला.

पावत्यांच्या पाठीवर उतरत गेले एक, दोन, तीन.
दहासाठी त्यानं चव्वेचाळिसातून चार काढले
आणि उरलेले चौघांत वाटले, हमाली वाटावी तसे.
एकोणिसाला गाडं रुतलं.
मी त्याला उद्गारचिन्ह शिकवलं,
चारापुढं उभं केलं की चाराचे चोवीस होतात.
तो बिडी विझवून हसला,
"नवल केल्यानं वाढतो आकडा?
मग भाव काबर नाही वाढत? शेठसमोर मी रोज करतो."

वर्गमूळ मात्र लगेच पटलं.
चारावर पत्रा टाकला की खाली दोनच मावतात.
यावलला त्याची खोली आहे, तशीच.

गाडी भरलेली चढायची, रिकामी होऊन पुन्हा चढायची,
मी मोठ्यातून लहान वजा करून निव्वळ लिहायचो.
त्या निव्वळात आमचं काही नव्हतं.

दशांशाचं टिंबही घेतलं, आवर्ती टिंबसुद्धा,
एकशे बारापर्यंत आलो.
एकशे तेरा हलेना.
फाल्गुनात कापूस सरला, काट्यावर धूळ बसली,
रुबाब केळीच्या ट्रकवर गेला, सावदा ते दिल्ली.

चैत्रात एकदा अपरात्री त्याचा फोन:
"चारशे चव्वेचाळीस, भागिले चार. एकशे अकरा.
वर पत्र्याखालचे दोन. झाला!"
मी बोटं मोजली.
रुबाब, हे पाच झाले.
थोडा वेळ नुसता इंजिनाचा आवाज.
"माहिताय," तो म्हणाला. "एक हातचा धर ना भो."

नाही म्हणालो. नियम म्हणजे नियम,
काट्यावर बसणाऱ्यानं तरी पाळावा.
तो बरं म्हणाला, कुठल्याशा नाक्याचं नाव घेतलं,
आणि फोन ठेवला.

आता नवं कॅल्क्युलेटर आलंय. सात लागतो.
मी अजून वळसा घालूनच जातो त्याच्याकडं.
गल्ल्यात एक पावती आहे, उलटी ठेवलेली.
तिच्यावर चार चार, मधे जागा सोडून,
आणि कोपऱ्यात, समासाच्या बाहेर,
पेन्सिलीनं, पुसट,
पाचवा.