सात छेद तीस

टिळेबाई आल्या तेव्हा दोरीवर
लग्नाचे दोनशे गणपती वाळत होते.
भांडीबाजाराच्या मागं माझं दुकान, दहा बाय बारा,
बाहेर तांब्यावर हातोडी, आत थिनरचा वास.
पिशवीतून त्यांनी झेरॉक्स काढला,
म्हणाल्या, बागूल, हा माझा चेहरा. छापायचाय.

गाल काचेवर दाबून काढलेला.
नाक चपटं, एक डोळा मिटलेला,
दुसरा उजेडात पांढराफटक,
आणि कानाशी मेन रोडच्या झेरॉक्सवाल्याचं बोट,
झाकण धरताना आलेलं.
बोट काढून टाकू? विचारलं.
राहू द्या, म्हणाल्या, तोही होताच की तिथं.

तीस प्रती. एकतिसावी नाही.
हजाराच्या खाली माझ्याकडे कुणी बोलत नाही,
पण बाई देवळालीच्या शाळेत चित्रकलेला,
माझ्या पोराला त्यांनी एकदा
निळा घोडा काढला म्हणून पैकीच्या पैकी दिले होते.
घेतलं काम.

आधी पिवळा, मग विटकरी, शेवटी काळा.
खुणेवर खूण बसवण्यात माझा जन्म गेला
आणि बाई म्हणतात, काळा दोन सूत सरकवा.
मुद्दाम?
मुद्दाम. माझं तरी मला कुठं जुळतंय.

सरकवला. हात ऐकेना, तरी सरकवला.
जाळीचं असं असतं:
जिथं छेद बुजला तिथं कागद कोरा,
जिथं उघडा राहिला तिथं माणूस.
त्यांच्या कपाळावरून मी रबर ओढत होतो,
खर्र, उचल, खर्र,
आणि त्या स्टुलावर बसून
वडापाव खात बघत होत्या.

मग शिसपेन्सिलीनं खाली आकडे. एक छेद तीस. दोन छेद तीस.
हे तर अपूर्णांक, मी म्हणालो.
बाईंनी मान नुसती हलवली,
आणि सातवा मला दिला.

माझा बाप नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसात मोजणीला.
चुकलेली नोटसुद्धा मोजून जाळायचे म्हणे.
किती कोटी गेले त्याच्या बोटांखालून,
सही दुसऱ्याचीच.
घरी यायचा तो खिसे उलटे करून दाखवल्यासारखा.

आता जाळी फाडा, बाई म्हणाल्या.
हो म्हणालो.
नाही फाडली. कापड महाग होतं, सीझन तोंडावर.
रात्री ब्लीच लावून धुतली,
चेहरा पाण्याबरोबर मोरीत गेला, पण
उजेडात धरली तर फिकट काहीतरी उरलं होतं.
आमच्या धंद्यात त्याला भूत म्हणतात.

त्याच जाळीवर पिंपळगावच्या द्राक्षांचे खोके काढले,
चार हजार.
हिरवा घड, खाली इंग्रजीत शेतकऱ्याचं नाव.
तिरपे धरले तर घडात
एक मिटलेला डोळा.
कुणीच तिरपे धरले नाहीत.
बोटीत बसून गेले सगळे.

आठ साली पाणी दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेलं
तेव्हा दुकानात छातीएवढा गाळ.
सातवा त्यातच. चौकट तेवढी सापडली.
बाई त्याआधीच गेल्या होत्या, दवाखान्यात,
मला महिन्यानं कळलं.

परवा पुण्याहून एक मुलगा आला,
पांढरे हातमोजे खिशात घालून.
वहीत त्यानं सगळ्यांचा पत्ता लावलेला, सात सोडून.
पाण्यानं नेला, सांगितलं.
त्यानं लिहून घेतलं.
मग विचारलं, एकूण तीसच ना? नक्की?
तीस, म्हणालो.
चहा घेतला आणि गेला.

आमच्या माळ्यावर त्यातला एक खोका आहे, छपाईत कोपरा पुसलेला,
पणत्या असतात त्यात.
दर दिवाळीला बायको म्हणते, तळ गेलाय, फेका आता.
मी सुतळी शोधायला लागतो.