रिक्तिका

तार्तूला डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
उर्वे काचपट्टीवर थेंब ठेवते,
डोळा भिंगाला लावते.
यीस्टची एक पेशी, तिच्या पोटात
तांबड्या रंगानं रेखलेलं वर्तुळ.
आत काळं. काहीच नाही.

म्हणून कुणीतरी म्हणालं, रिक्तिका.
नाव ठेवलं की नावं ठेवली?

अहो, पेव आहे ते.
फॉस्फेटच्या साखळ्या गुंडाळून रचलेल्या,
आर्जिनिन, चिमूटभर जस्त,
कॅल्शियम तर कुलपातच,
ते बाहेर सांडलं की पेशीचा तोल गेला.
आत आंबट पाणी,
आणि ते आंबट राहावं म्हणून
भिंतीतले पंप रात्रंदिवस चालू.

आज तिनं मुद्दाम नायट्रोजन तोडला.
चार तासांत पेशी
स्वतःचेच तुकडे मोडून
पेवात टाकू लागली, पुन्हा कामी यावेत म्हणून.

त्या एका हिवाळ्यात आईनं
खुर्ची चुलीत घातली होती.
आधी डुगडुगता पाय, मग पाठ.
वर म्हणाली, बसायला पलंग आहे ना.

उर्वे वहीत लिहिते: १९.१०, जिवंत.
मग डबा उघडून
राय पावाचा काळा तुकडा अर्धा खाते.
अर्धा, भूक असूनही,
कागदात परत गुंडाळते.