आठाचा पाढा

आमच्या गावात आता मुलं नाहीत,
म्हणून शाळेत म्हातारे राहतात.
पोर्तुगालचा हा डोंगर, समोर स्पेन दिसतं.
दोन वर्ग, चौदा खाटा.
फळा तेवढा राहिला. सुतार म्हणाला,
ओढला तर भिंतही सोबत येईल.
त्यावर आता लिहितो: सूप कसलं,
बुधवारी नखं कापायला कोण येणार,
आणि कायमचं, कोपऱ्यात: बेल्मीरोला मीठ नको.
भांडं एकच, तेव्हा सगळ्यांचंच अळणी.

बेल्मीरोची खाट त्याच खिडकीपाशी
जिथे त्याने छड्या खाल्ल्या होत्या,
नद्यांची नावं उलटी सांगितली म्हणून.
अजून उलटीच सांगतो.
इदालिना त्याला मध घातलेलं दूध देते.

ऑक्टोबरात शेजारी चेस्टनटचं पोतं आणून टाकतात.
सुरी धरता येते त्यांनी चिरा द्यायच्या,
हात थरथरतो त्यांनी मोजायचे,
आणि मोजताना विसरलं तर खायचे.

झुल्मीरा आली तेव्हा त्र्याऐंशीची होती.
वॉकर उंबऱ्याशी थांबवून तिने विचारलं,
"बसायचं कुठे?"
चार भाऊ इथे शिकले. ती शेळ्यांमागे.
बाहेरच्या भिंतीला टेकून ऐकत राहायची;
सातापर्यंत पाढे तोंडपाठ.
आठ सुरू झाला की शेळ्या पांगायच्या.

मी रात्रपाळीची. टॉर्च पायांवर धरते,
तोंडावर नाही. श्वास मोजते.
ती जागीच असते.
आठ एके आठ, मी कुजबुजते,
आठ दुणे सोळा.
आठ सक्कं चाळीस, ती म्हणते,
आणि खिडकीकडून अंधारातून
बेल्मीरो खाकरतो: अठ्ठेचाळीस!

फेब्रुवारीत एका पहाटे
ती तीनदा चाळीस म्हणाली.
खिडकीकडून काही आलं नाही.

फ्रान्सहून त्याचा मुलगा आला, पेटीसोबत चालला, परतला.
मी ओला बोळा घेऊन फळ्यापाशी उभी.
झुल्मीराने खडू मागितला.
अक्षर तिला येत नाही. शेळ्या मोजतात
तशा तिने रेघा ओढल्या: तेरा.
दम घेतला. मग थोडी बाजूला,
चौदावी.

त्या दिवशी सूप कोबीचं होतं.
मीठ घालायला आता हरकत नव्हती.
इदालिनाने डबा उघडला,
माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा लावला.