अंदाजे

ब्लायनाय फेस्टिनिओगला छपरं स्लेटची, पायऱ्या स्लेटच्या,
मेंढ्यांची कुंपणंही स्लेटची,
आणि इद्वालच्या फुप्फुसांत शेवटी सापडलं
तेही तेच.

म्हणून जिन्याच्या तोंडाशी चौदा महिने
एक यंत्र घुरघुरत होतं.
खोलीतली हवा गाळायची, प्राणवायू तेवढा
पारदर्शक नळीतून वर धाडायचा.
रात्री नेरीसला वाटे,
घरात तिसरंच कुणी झोपलंय, आणि घोरतंय.

वीस फेब्रुवारीला घोरणं थांबलं.
दोघांचंही.
गुरुवारी माणसं येऊन यंत्र घेऊन गेली.
बूट पुसून आत आली होती. चांगली होती.

जुलैत विजेचं बिल आलं.
आकड्याशेजारी बारीक ‘ई’.
ई म्हणजे अंदाजे.
मीटर वाचायला कुणी फिरकलं नव्हतं,
तेव्हा मागल्या वर्षावरून त्यांनी धरून चाललं
की या घरात अजून
रात्रंदिवस कुणीतरी श्वास घेतंय.
अंदाजपंचे दाहोदरसे,
पण पेनीपर्यंत चोख.

नेरीसनं इस्त्रीचं टेबल ओढून बाजूला केलं,
टॉर्च दातांत धरला आणि कपाटात गुडघे टेकले
(चॅपेलमध्ये हल्ली ती बसूनच प्रार्थना करते).
चकतीवरची लाल खूण फिरून येईस्तोवर थांबली.
किती वेळ लावते!
एक फ्रिज, एक किटली, एक बाई.

४६९७३.
बिलात ४८२१०.

शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं
दोनशे पोरांच्या बटाट्यांचा हिशेब तिनं ठेवलेला,
वजाबाकीला ती भीत नाही.
बाराशे सदतीस.
यंत्र दिवसाला खायचं आठ पूर्णांक चार.
पाकिटाच्या पाठीवर भागून पाहिलं:
एकशे सत्तेचाळीस, वर थोडं.
मग कॅलेंडरवर बोट ठेवून मोजत गेली, वीस फेब्रुवारीपासून.
बोट बिलाच्या तारखेवर येऊन थांबलं.
ती तशीच उभी. किटली शिट्टी वाजवून दमली.

फोनवर चाळीस मिनिटं व्हायोलिन,
मग जॅरेड नावाचा मुलगा, सर्दी झालेला.
“मॅडम, सिस्टिम तुमचा आकडा घेत नाहीये.
अपेक्षेपेक्षा फारच कमी आहे.
नीट वाचलात ना?”
“अपेक्षा कुणाची?”
पलीकडे नुसता कीबोर्ड. मग नाक ओढल्याचा आवाज.
“फोटो पाठवता येईल?”

शेजारची एलेरी आली, दातांना तारा, हातात फोन.
फोटोत मीटर आलं, आणि वरच्या खिळ्याला
इद्वालची खाणीतली टोपी, अर्धी.
“कापू का ती?”
“असू दे.”
कुणाला तरी ती बघावी लागेल,
दोन सेकंद का होईना.

अकराव्या दिवशी नवं बिल. तीनशे नऊ पौंड जमा.
नणंद म्हणाली, “गरम होणारं ब्लँकेट घे.
आणि ते जुनं बिल फाड आता, खोटं आहे ते.”
“खोटं आहेच,” नेरीस म्हणाली,
आणि घडी घालून ते पगाराच्या चिठ्ठ्यांच्या डब्यात ठेवलं,
जिथे इद्वालची खरी कमाई आहे.

पलंगाच्या खुंटीला अजून ती निळी वही, सुतळीनं बांधलेली.
त्याच्या बोटाला चिमटा लावून
सकाळ-संध्याकाळ ती त्यात लिहायची:
९२, ९१, ८९
८९, ८७
८४.
खाली अर्धं पान कोरं.
मग त्याच पेननं, दर रविवारी, चॅपेलहून आल्यावर,
कोट न काढता:

४६९७३
४६९९१
४७०१४ – एलेरी आली होती. केक. ओव्हन.